ॲटलस कार्डाची ५,९०० रुपये फी दुसऱ्या वर्षी भरावी का?

सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. ॲक्सिस बँकेचं ॲटलस क्रेडिट कार्ड घेऊन वर्ष होत आलं. आता ५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०० रुपये फी लागणार. पहिल्या वर्षी ती भरताना जड गेलं नाही, कारण सुरुवातीचे २,५०० माइल्स, म्हणजे या कार्डाचे बक्षीस पॉइंट, मिळाले होते. यंदा तसं काही नाही. माझी टियर, म्हणजे वर्षाच्या खर्चावरून ठरणारी पायरी, सिल्व्हर आहे आणि सिल्व्हरवाल्यांना नूतनीकरणाला माइल्स देत नाहीत. गोल्डला २,५०० देतात, पण गोल्डसाठी वर्षाला साडेसात लाख खर्च दाखवावा लागतो. तेवढा आमच्या घरात होत नाही, आणि कार्डासाठी म्हणून तो वाढवायची माझी तयारीही नाही.

घरचं चित्र सांगते, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल. आम्ही दोघं नोकरी करतो. मुलगा आठवीत, मुलगी चौथीत. धाकटी बहीण सिंगापूरला असते, मे महिन्यात आम्ही तिच्याकडे जातो. सासर नागपूरचं. मागच्या वर्षभराची स्टेटमेंटं काढून बेरीज केली ती अशी: विमानाची तिकिटं १,२०,००० ची, सगळी विमान कंपन्यांच्या साइटवरून काढलेली. त्यातली नागपूरची साधारण ४०,००० ची. किराणा, कपडे, औषधं, बाहेरचं खाणं, ऑनलाइन मागवलेल्या वस्तू मिळून २,४०,०००. त्यातलं ऑनलाइन अंदाजे लाखभर. शाळेची फी ७०,०००. आरोग्य विमा आणि गाडीचा विमा ५५,०००. पेट्रोल, वीजबिल, मोबाइल ८५,०००. बिल दरमहा पूर्ण भरतो, थकबाकी कधीच ठेवत नाही.

एक बदल आहे. ५ जून २०२५ ला समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि तेव्हापासून ह्यांना नागपूरला गाडीनंच जायचं असतं. त्यामुळे पुढच्या वर्षी नागपूरची तिकिटं बहुधा निघणारच नाहीत.

सध्या १७,२०० माइल्स जमा आहेत, अजून एकही वापरलेला नाही. ह्यांचं म्हणणं, कार्ड बंद कर आणि सरळ कॅशबॅक देणारं घे. माझं म्हणणं, एका माइलचे बँकेच्या भागीदार हॉटेल किंवा विमान कंपनीत दोन पॉइंट होतात, म्हणजे ३४,४०० पॉइंट हातात आहेत. ते देणारं कार्ड ५,९०० साठी सोडायचं का? शिवाय मुलांना कार्डावर मिळणाऱ्या विमानतळावरच्या लाउंजचं फार अप्रूप आहे. तुम्ही काय केलं असतं?

माळीगल्ली

ताई, ठेवा. मी माझ्या कामासाठी बंगळुरूला सतत जातो. धंदा स्वतःचा, म्हणजे हॉटेलचं बिल माझ्याच खिशातून जातं. ॲटलसचे माइल्स ॲकॉरला वळवतो. ॲकॉर म्हणजे आयबिस, नोव्होटेल, पुलमन, सोफिटेल ही सगळी एकाच घरची. २,००० पॉइंटचे ४० युरो बिलातून वजा होतात. रिसेप्शनला सांगितलं की रात्रीच्या जेवणाच्या बिलातूनही करतात. मला या एका कार्डानं वर्षाला फीच्या कितीतरी पट दिलंय. माइल्सचा एवढा स्वस्त रस्ता ५,००० च्या फीत दुसरीकडे मिळत नाही. साडेबारा हजार फीची कार्डं घेऊन बसलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्या हाती एवढं लागत नाही.

घोडबंदर

माळीगल्ली, तुमचं तुमच्यापुरतं अगदी बरोबर आहे. पण सिंहगडरोड ताईंचं घर वेगळं चालतं, तेव्हा हिशेबही वेगळा मांडायला हवा. मी लहान दुकानदारांचे आणि दवाखान्यांचे हिशेब लिहिते. अशा कार्डांचा प्रश्न मला सतत कुणीतरी विचारतं आणि मी तो नेहमी एकाच पद्धतीनं सोडवते. सविस्तर लिहिते, कारण पैसे तुमचे आहेत आणि बँकेची जाहिरात हा हिशेब तुम्हाला मांडून देणार नाही.

पहिली गोष्ट, जमलेले १७,२०० माइल्स या निर्णयात धरू नका. ते तुमचे झालेले आहेत. फी भरली तरी तुमचे, कार्ड बंद करण्याआधी वळवून घेतले तरी तुमचेच. ५,९०० रुपये भरून तुम्ही विकत घेताय ते फक्त पुढच्या वर्षाचे माइल्स आणि पुढच्या वर्षाचं लाउंज. लोक जमलेल्या ढिगाकडे बघून फी भरतात, आणि तिथेच सगळं गणित बिघडतं.

आता पुढचं वर्ष. विमा, पेट्रोल, वीज, मोबाइल यांवर या कार्डाला शून्य माइल्स, आणि वर्षाला ठरावीक खर्चाचा टप्पा गाठला की जादा माइल्स मिळतात, त्या बेरजेतही हा खर्च धरत नाहीत. म्हणजे तुमचे १,४०,००० रुपये आधीच बाजूला गेले. नागपूरची तिकिटं गेली. समृद्धीवर पेट्रोल आणि टोल कितीही लागला तरी त्यातून इथे काही जमा होत नाही. विमानाचे राहिले ८०,०००. शंभराला ५ या दरानं ४,००० माइल्स. घरखर्चाचे २,४०,०००, शंभराला २, म्हणजे ४,८००. शाळेचे १,४००. तीन लाखांचा टप्पा तुम्ही ओलांडता, त्याचे २,५००. एकूण १२,७००.

या १२,७०० माइल्सची किंमत किती? बँकेच्या स्वतःच्या प्रवास पोर्टलवर वापरले तर एका माइलचा एक रुपया. १२,७०० वजा ५,९००, हातात ६,८००.

हेच पैसे तुमचे यजमान म्हणतात तसे कॅशबॅकच्या कार्डावर टाकले तर? स्टेट बँकेचं कॅशबॅक कार्ड धरू. ऑनलाइन खर्चावर ५ टक्के, दुकानात १ टक्का, फी ९९९ अधिक जीएसटी, वर्षाला दोन लाख खर्च झाला की ती माफ. शाळेच्या फीवर ते काही देत नाही, म्हणून ते ७०,००० सोडून द्या. सिंगापूरची तिकिटं आणि ऑनलाइन खरेदी मिळून १,८०,०००, त्याचे ९,०००. बाकीच्या १,४०,००० चे १,४००. झाले १०,४००, आणि हे थेट बिलातून कमी होतात. कुठे जावं लागत नाही, काही वळवावं लागत नाही, तारखा जुळवाव्या लागत नाहीत. म्हणजे पोर्टलवरच माइल्स खर्च करणार असाल तर कॅशबॅक ३,६०० रुपयांनी पुढे आहे. तेवढ्यापुरतं यजमानांचं खरं.

माळीगल्लींच्या रस्त्यानं गेलात तर आकडा एकदम उडी मारतो. १२,७०० चे २५,४०० पॉइंट, त्यातले २४,००० वापरता येतील कारण २,००० च्या पटीत लागतात. ४८० युरो. युरो ९० रुपयांचा धरला तरी ४३,२००. हा आकडा बघून कुणालाही वाटेल की प्रश्नच मिटला. पण तुम्ही कुठे राहता ते स्वतःला विचारा. सिंगापूरला बहिणीकडे. नागपूरला सासरी. गुहागर-दिवेआगरला गेलात तर तिथे ॲकॉरचं काही नाही, तुम्ही एखाद्या घरगुती खोलीत तीन-साडेतीन हजारात राहणार, आणि जेवण तिथलं जास्त चांगलं असणार. ॲकॉर आहे ते मुंबईत, पुण्यात, गोव्यात आणि बाहेरच्या मोठ्या शहरांत.

१२,००० रुपये रात्रीच्या खोलीत पॉइंट टाकून राहिलात तर तुमचे १२,००० वाचले असं होत नाही. एरवी तुम्ही त्या गावात ४,००० ची खोली घेतली असती, तर वाचले ४,०००. उरलेले ८,००० ही मौज आहे. मौजेला माझा विरोध नाही, पण फीच्या समोर ती रक्कम मांडता येत नाही.

म्हणून माझा प्रश्न एवढाच असतो. कार्ड ठेवलंत तर हातचे जातात कॅशबॅकचे १०,४००, फीचे ५,९००, आणि माइल्स वळवायला बँक १९९ अधिक जीएसटी घेते ते धरून २३५. बेरीज १६,५३५. लाउंजचे मी २,००० वजा करते, कारण चौघांचं विमानतळावरचं चहा-खाणं तुम्ही एरवीही केलंच असतं. उरले १४,५३५. पुढच्या वर्षी तुमच्या घरात, कार्ड असो वा नसो, ॲकॉरच्या हॉटेलांत भागवता येईल असा निदान साडेचौदा हजारांचा राहण्याचा खर्च होणार आहे का? होणार असेल तर कार्ड ठेवा. नसेल तर यजमानांचं ऐका.

लाउंजचं जरा जास्त सांगते, कारण लोक त्याच्या किमतीत फार वाहवत जातात. सिल्व्हरला वर्षाला देशांतर्गत ८ आणि आंतरराष्ट्रीय ४ वेळा. बरोबरच्या माणसालाही नेता येतं, पण ते यातूनच मोजलं जातं. चौघं एकदा आत गेलात की आंतरराष्ट्रीय कोटा संपला. येताना मुलं विचारतील तेव्हा उत्तर तयार ठेवा. आणि नागपूरचं विमान बंद झाल्यावर देशांतर्गत ८ कुठे वापरणार?

सिंहगडरोड

घोडबंदर ताई, मनापासून आभार. हे असं कुणी मांडून दाखवलं नव्हतं. जमलेले माइल्स बाजूला ठेवायचे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी त्या आकड्याकडेच बघत बसले होते.

राहण्याच्या खर्चाचं सांगते. पुण्याहून मुंबईला जाऊन पहाटेचं विमान धरायचं म्हणजे रात्रभर टॅक्सीत. मागच्या वेळी लोणावळ्याच्या पुढे घाटात गाड्या अडकल्या होत्या आणि बोरघाट संपेपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. तेव्हाच ठरवलं की यापुढे आदल्या दिवशी दुपारी निघायचं आणि रात्री विमानतळाजवळ राहायचं. यंदा सासू-सासरेही येणार आहेत, म्हणजे दोन खोल्या. अंधेरी-पार्ल्याकडे साध्या हॉटेलात १०,००० तरी जातील असं बघून ठेवलंय. डिसेंबरात मामेभावाचं लग्न गोव्यात आहे. तिथे दोन रात्री, साधारण साडेचार हजाराची खोली, म्हणजे ९,०००. एकूण १९,०००. हे पैसे कार्ड नसतं तरी जाणारच होते. मग साडेचौदाच्या वर गेलो ना आपण? ठेवू का कार्ड?

आणि एक विचारायचं होतं. पुढची तिकिटं हे ट्रॅव्हल साइटवर कूपन लावून काढायचं म्हणताहेत. तिथे ५ माइल्स मिळतात का?

क्लेमेंटी

सिंगापूरहून लिहितोय, इथे बरीच वर्षं आहे. दोन गोष्टी माझ्या बाजूच्या.

ट्रॅव्हल साइटवर काढलेल्या तिकिटाला ५ नाही, २ च मिळतात. ५ हवे असतील तर विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर, नाहीतर बँकेच्या पोर्टलवर. पण कूपननं ८०० रुपये कमी होत असतील तर कूपनच घ्या. वीस हजाराच्या तिकिटावर ५ आणि २ मधला फरक ६०० माइल्सचा. तुम्ही ते रुपयाला एक या भावानं वापरणार असाल तर कूपन सरळ जिंकतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही इथे येता तेव्हा मुस्तफात, सेंटोसाला, मुलांच्या तिकिटांना हेच कार्ड स्वाइप करता का? त्यावर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. ५०,००० रुपयांच्या खरेदीवर २,०६५ रुपये असेच जातात आणि बदल्यात १,००० माइल्स मिळतात. आमच्याकडे येणारे पाहुणे मी रोज बघतो. मुस्तफाच्या काउंटरवर सोन्यापासून सुकामेव्यापर्यंत सगळं एका कार्डावर मारतात आणि घरी गेल्यावर स्टेटमेंट वाचतात. शून्य मार्कअपची कार्डं भारतात आता मिळतात, परदेशासाठी त्यातलं एक जवळ ठेवा. आणि मशीनवर रुपये की सिंगापूर डॉलर असं विचारलं तर नेहमी डॉलर निवडा. रुपये निवडले की तिथला दुकानदार आणि त्याची बँक आपल्या भावानं रूपांतर करतात, तो भाव कायम महाग असतो.

सिंगापूर एअरलाइन्सच्या माइल्सचा विचार मनात असेल तर तेही सांगतो. क्रिसफ्लायरच्या स्वस्त जागा मे महिन्यात, शाळांच्या सुट्टीत, एकदम चार मिळणं फार कठीण. दोन मिळतात, चार नाहीत. आणि मिळाल्या तरी विमानतळाचे कर रोख भरावे लागतातच. मुलांच्या शाळेला बांधलेल्या कुटुंबानं विमानाच्या माइल्सवर भिस्त ठेवू नये असं माझं ठाम मत झालंय. एकटा माणूस, फेब्रुवारीत किंवा सप्टेंबरात उडणारा, त्याला ते फळतं.

सांगलीकर

मी इथे वयानं मोठा असेन, म्हणून थोडं मागचं सांगतो.

जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली. माझ्या मित्रानं तिचे पॉइंट मुलीच्या लग्नानंतर तिला आणि जावयाला युरोपला पाठवायचं म्हणून साठवले होते. ती योजना पुढे दुसऱ्या नावानं चालली, पण ज्या विमानात बसायचं म्हणून साठवले ते विमानच राहिलं नाही. त्यानंतर लोक विस्ताराकडे वळले. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि पॉइंट महाराजा क्लबमध्ये गेले. पॉइंट बुडाले नाहीत, पण ज्या योजनेच्या जोरावर आखणी केली ती योजना गेली.

बँकांचंही तसंच. ॲक्सिसच्याच मॅग्नस कार्डाचं २०२३ मध्ये काय झालं ते इथल्या कित्येकांना आठवत असेल. महिन्याला लाखाचा खर्च केला की २५,००० पॉइंट मिळायचे, ते सप्टेंबर २०२३ पासून बंद. पाच पॉइंटचे चार माइल्स व्हायचे, ते दोन झाले. फी १०,००० ची १२,५०० झाली. सूचना आली आणि थोड्याच आठवड्यांत लागू. पुढे ॲटलसलाही वर्षाला किती माइल्स वळवता येतील यावर मर्यादा आली. डिसेंबर २०२४ पासून वळवण्यावर शुल्क लागलं, ज्याचा ताईंनी २३५ म्हणून उल्लेख केला ते.

माझा आग्रह एवढाच. माइल्स हे बँकेनं दिलेलं वचन आहे आणि त्याचा भाव ठरवायचा अधिकार बँकेनं स्वतःकडे ठेवलाय. मुदत ठेवीसारखं त्याच्याकडे बघू नका. ते जमले की खर्च करून टाका. आमच्याकडे हळद निघाली की पावसाआधी बाजारात जाते, भावाची वाट बघत पोत्यात ठेवणारा कीड लागलेली हळद विकतो.

आणि बिल कधी थकलं तर वर्षभराचं सगळं कमावलेलं दोन महिन्यांत जातं. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे व्याज आहे. तुम्ही पूर्ण भरता म्हणालात, म्हणून अधिक लिहीत नाही.

घोडबंदर

सिंहगडरोड ताई, तुमचे १९,००० मी दोनदा वाचले. मुंबईची रात्र आणि गोव्याच्या दोन रात्री, दोन्ही खर्च खरे आहेत आणि दोन्हीकडे ॲकॉर आहे. पार्ल्याला विमानतळाजवळ आयबिस आहे. गोव्यात कळंगुटला आयबिस स्टाइल्स आणि दक्षिणेला कॅव्हेलोसीला नोव्होटेल. लग्न कुठे आहे त्यावर ठरवा. अंतराचा विचार करा, लग्न मोरजीला आणि राहायला कॅव्हेलोसी असं झालं तर टॅक्सीतच पैसे जातील.

पण आता जमलेल्या १७,२०० माइल्सकडे परत या. मघाशी ते बाजूला ठेवायला सांगितले होते, कारण फीशी त्यांचा संबंध नाही. खर्चाशी मात्र आहे. त्यातले १७,००० वळवलेत तर ३४,००० पॉइंट होतात. ६८० युरो. ९० च्या भावानं ६१,२००. मुंबईच्या दोन खोल्या आणि गोव्याच्या दोन रात्री यातच निघतात, तुम्ही साध्या हॉटेलापेक्षा थोडं बरं घेतलंत तरी. शिवाय उरतात.

म्हणजे पुढच्या वर्षीची गरज मागच्या वर्षीच्या कमाईतच भागते. मग ५,९०० भरून जे १२,७०० माइल्स नवे येतील ते कशासाठी? त्याच्या पुढच्या वर्षासाठी. तेव्हा तुमच्या घरात हॉटेलचा खर्च असेल की नाही आज माहीत नाही, आणि तोवर भाव काय राहील ते सांगलीकर काकांनी सांगितलंच. माझ्या मते ५,९०० भरू नका. जे आहे ते वसूल करा, कार्ड बंद करा, खर्च कॅशबॅकवर न्या. सासू-सासरे बरोबर असताना आणि मुलं लहान असताना वर्षाकाठी १०,००० रुपये बिलातून आपोआप कमी होणं ही फार मोलाची गोष्ट आहे. कुणाला तरी बसून माइल्सचे भाव बघावे लागत नाहीत.

तुम्ही माळीगल्लींसारख्या महिन्याला हॉटेलात राहणाऱ्या असतात तर मी याच्या बरोबर उलट लिहिलं असतं.

बंद करण्याचा क्रम नीट पाळा. आधी ॲकॉरचं सदस्यत्व स्वतःच्या नावानं काढा, ते फुकट आहे. नाव कार्डावर आहे तसंच घाला, आडनाव-नाव उलटसुलट झालं की पॉइंट अडकतात. मग बँकेच्या पोर्टलवर ते जोडा. वळवण्याआधी त्या दिवशी एकाला किती मिळतात ते पडद्यावर वाचा, मी लिहिलंय म्हणून गृहीत धरू नका. एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. ते ॲकॉरच्या खात्यात दिसले की मगच बंद करण्याची विनंती टाका. त्याआधी मुलांच्या ॲपची वर्गणी, फास्टॅगचा रिचार्ज, विम्याचा हप्ता, जे काही या कार्डावर आपोआप कापलं जातं ते दुसरीकडे हलवा. कार्डावर काही बाकी नसेल तर विनंतीनंतर सात कामाच्या दिवसांत बँकेनं कार्ड बंद करायलाच हवं. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. विनंती लेखी, ईमेलनं किंवा ॲपमधून करा आणि क्रमांक जपून ठेवा. फोनवर तुम्हाला थांबवायला काहीतरी देऊ करतील. फी पूर्ण माफ करतो म्हणाले आणि लेखी दिलं, तर मात्र ठेवा. बिनफीचं हे कार्ड चांगलंच आहे.

माळीगल्ली

हे मान्य. माझ्या डोक्यात माझा धंदाच होता. ताई, फी माफीबद्दल नक्की विचारा, काहींना मिळते. आणि गोव्याचं बुकिंग डिसेंबरचं असेल तर आजच बघा, नाताळाच्या आसपास खोलीचा भाव वाढला की त्याच पॉइंटांत कमी रात्री येतात. ॲकॉरचे पॉइंट पैशासारखे चालतात, भाव चढला की तेवढे जास्त लागतात.

सिंहगडरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवण झाल्यावर ह्यांना पूर्ण धागा वाचून दाखवला. फीबद्दल आमचं एकमत झालं.

लग्न बाणावलीला आहे, म्हणजे कॅव्हेलोसी जवळ पडतं. तारीख नाताळाच्या आधीची आहे, त्यामुळे भाव अजून बरे दिसताहेत. ॲकॉरचं खातं आज काढलं. स्टेटमेंट ९ तारखेला निघतं, म्हणून या आठवड्यातच १७,००० माइल्स वळवते. पॉइंट दिसले की दोन्ही बुकिंगं करून लगेच बंद करण्याची विनंती ॲपमधून टाकते. फी माफीचं आधी एकदा विचारते, लेखी दिलं तरच.

फास्टॅग याच कार्डाला जोडलेला होता, तो आत्ताच ह्यांच्या खात्यावर घेतला. एकच राहिलं: उरलेल्या २०० माइल्सचं काय करायचं?

घोडबंदर

कार्ड बंद करण्याआधी पोर्टलवर एखादं तिकीट काढणार असाल तर त्यात २०० रुपये कमी होतील. नसेल तर सोडून द्या. आणि सासूबाईंना मुंबईच्या हॉटेलात खालच्या मजल्यावरची खोली मागून घ्या, बुकिंग करतानाच शेरा लिहा.